जांभळी नाक्याजवळचे बिननावाचे दुकान आणि बेसबॉलचा एक जुना ग्लोव्ह

ठाण्याच्या जांभळी नाक्यावरील बाजारपेठेतून स्टेशनकडे निघालेल्या एका बोळात, भांड्यांच्या आणि पूजासाहित्याच्या दोन मोठ्या दुकानांच्या मध्ये जेमतेम सहा फूट रुंदीचा एक गाळा आहे. दुकानाला नाव नाही. दारावर पांढऱ्या रंगात ‘चामड्याच्या वस्तूंची दुरुस्ती’ एवढेच हाताने लिहिलेले आहे आणि त्यातील ‘दुरुस्ती’मधला एक उकार पावसाने धुऊन नेला आहे. येथे पट्टे, पर्स, शाळेची दप्तरे, चपला, क्रिकेटचे पॅड आणि क्वचित तबल्याच्या वाद्या, म्हणजे कातड्याच्या ताणदोऱ्या, याही दुरुस्त होतात. या जून महिन्यात मी तेथे बेसबॉलचा एक ग्लोव्ह घेऊन गेलो होतो. त्या कामाचा अनुभव सविस्तर लिहून ठेवावा असे वाटले. तो लिहिताना माझ्या घरच्या काही गोष्टी टाळता येणार नाहीत, कारण त्या वगळल्या तर या कारागिराचे काम किती चांगले आहे हे मी कोणत्या आधारावर म्हणतो आहे ते वाचकाला कळणार नाही.

ग्लोव्ह माझ्या नातवाचा. माझी मुलगी नोकरीनिमित्त अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील बर्मिंगहॅम शहरात राहते. तिचा अकरा वर्षांचा मुलगा तेथे मुलांच्या बेसबॉल संघात खेळतो आणि शाळेला सुट्टी लागली की जून-जुलैत, म्हणजे नेमक्या भर पावसात, ठाण्याला येतो. या वर्षी त्याने बॅगेत कपड्यांच्या आत गुंडाळून एक जुना, काळपट तपकिरी ग्लोव्ह आणला. संघाला शिकवायला येणाऱ्या एका वृद्ध कृष्णवर्णीय गृहस्थांनी तो त्याला दिला होता आणि तो मूळचा त्यांच्या थोरल्या भावाचा होता. भावाने शेजाऱ्यांच्या अंगणातील गवत कापून साठवलेल्या पैशांतून तो 1961 साली घेतला होता. मनगटाच्या पट्टीवर शाईने लिहिलेली दोन अक्षरे अजून दिसतात.

पाचपाखाडीतील आमच्या इमारतीच्या वाहनतळात पहिल्याच आठवड्यात त्या ग्लोव्हच्या तीन वाद्या तुटल्या. त्यातच ठाण्याची दमट हवा. कपाटात चार दिवस ठेवलेल्या ग्लोव्हवर हिरवट बुरशी आली. घोडबंदर रस्त्यावरील एका मोठ्या क्रीडासाहित्याच्या दुकानात आम्ही तो घेऊन गेलो, तेव्हा तेथील तरुण विक्रेत्याने तो हातातही न घेता ‘हे आता फेकून द्या’ असे सांगून कृत्रिम चामड्याचा एक नवा ग्लोव्ह समोर ठेवला. नातू काहीच बोलला नाही. जुना ग्लोव्ह त्याने पुन्हा टी-शर्टात गुंडाळला.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. क्षेत्ररक्षण करणारा बेसबॉलपटू ज्या हाताने चेंडू फेकतो तो हात मोकळा ठेवतो आणि दुसऱ्या हातात ग्लोव्ह घालतो. अंगठा आणि तर्जनी यांच्या मधल्या भागात चामड्याच्या पट्ट्यांची एक जाळी असते. चेंडू तळव्यावर न घेता तेथे अडकवायचा असतो. ही जाळी, बोटे, तळवा आणि टाच हे सगळे भाग लांब वाद्यांनी एकमेकांत ओवलेले असतात. वादी सैल झाली की जाळी उघडते आणि चेंडू सरळ चेहऱ्यावर येतो. चेंडूचे वजन 142 ते 149 ग्रॅम, म्हणजे क्रिकेटच्या चेंडूपेक्षा थोडे कमीच, आणि त्याच्या कातड्यावर लाल दोऱ्याचे 108 दुहेरी टाके हाताने घातलेले असतात. आपल्याकडे याहून जड चेंडू उघड्या हातांनी झेलतात हे मी नातवाला अभिमानाने सांगितले, तेव्हा त्याने माझ्या वाकड्या करंगळीकडे पाहून ‘ते दिसतंच आहे, आजोबा’ असे उत्तर दिले.

आता दुकानाविषयी. गाळ्यात बसणारे कारागीर पन्नाशीचे असावेत. त्यांनी बेसबॉलचा ग्लोव्ह पूर्वी कधी पाहिला नव्हता आणि ते त्यांनी लगेच कबूल केले, ही मला आवडलेली पहिली गोष्ट. दुसरी अशी की त्यांनी दर सांगण्याआधी पाच-सात मिनिटे ग्लोव्ह नुसता हातात फिरवला. आत हात घालून पाहिला, वास घेतला, नखाने कातडे दाबून सुरकुती किती वेळाने मिटते ते पाहिले. मग मोबाईलवर सर्व बाजूंनी छायाचित्रे काढली आणि जुनी वादी काढण्यापूर्वी प्रत्येक छिद्राजवळ खडूने आकडे घातले. छिद्रे साठाहून अधिक निघाली. नातवाने विचारले, ‘अंकल, तुम्ही हे यूट्यूबवर बघणार का?’ त्यावर ते म्हणाले, ‘ज्यानं पहिल्यांदा ओवलंय, त्यानं यातच लिहून ठेवलंय की सगळं. वाचायचं फक्त.’

वादी कशाची घ्यायची यावर बराच वेळ गेला. त्यांच्याकडे तबल्याची वादी तयार होती, परंतु ती त्यांनी स्वतःच बाजूला ठेवली. तबल्याची वादी ताण धरते, मात्र ती कच्च्या कातड्याची असल्यामुळे वाकवून वाकवून मोडते, आणि ग्लोव्हचे तर सारे आयुष्यच उघडमीट करण्यात जाते. मग त्यांनी कमावलेल्या जाड कातड्याचा बशीएवढा गोल तुकडा घेतला, रापी, म्हणजे कातडे कापायचे हत्यार, लाकडी ठोकळ्यात उभी रोवली आणि तुकडा कडेने फिरवत फिरवत तिच्यावरून ओढायला सुरुवात केली. बशीएवढ्या तुकड्यातून दोन-अडीच मीटरांची अखंड वादी निघते, सापाच्या वेटोळ्यासारखी, आणि हात स्थिर असेल तर तिची रुंदी शेवटपर्यंत सारखी राहते. नातू आ वासून पाहत होता. त्यांनी दुसरा तुकडा उचलला आणि माझ्या तोंडून निघून गेले, ‘तो नको, तो पोटाकडचा आहे. ताणला जाईल. पाठीकडचा घ्या.’

त्यांचा हात थांबला. ‘साहेब, हे तुम्हाला कुणी सांगितलं?’

मी बँकेत छत्तीस वर्षे नोकरी केली. लिपिक म्हणून लागलो आणि अधिकारी म्हणून निवृत्त झालो. या छत्तीस वर्षांत माझ्या बुटांचे तळ मी शेकडो वेळा दुसऱ्यांकडून शिवून घेतले आणि तसे करताना प्रत्येक वेळी टाका कुठे चुकतो आहे हे मला दिसत असूनही मी गप्प राहिलो. माझे वडील परळला गिरणीच्या फाटकाशी बसून चपला-बूट शिवत असत. आरी, रापी, मेणाचा गोळा आणि लोखंडी तिपाई एवढ्यावर त्यांनी आम्हा चौघा भावंडांना शिकवले. मी ठाण्यात घर घेतल्यावर ते आमच्याकडे राहायला आले, तेव्हा हत्यारांची पेटी सोबत घेऊनच आले. रात्री जेवणानंतर गॅलरीत बसून ते घरातल्याच चपला दुरुस्त करीत. कोणाची गरज म्हणून नव्हे, हाताला सवय म्हणून. एका रात्री मी त्यांना सांगितले की ठोकण्याचा आवाज खालच्या मजल्यावर जातो. त्यांना काय ते समजले. दुसऱ्या दिवशी पेटी माळ्यावर गेली. खालच्या मजल्यावरून कोणीही तक्रार केलेली नव्हती.

असे का केले याचे कारण मला तेव्हाही ठाऊक होते. त्याआधी, 1989 साली, ठाण्यातच भाड्याचे घर शोधताना एका घरमालकाने प्रथम आडनाव विचारले, त्यावरून उलगडा न झाल्यामुळे गाव विचारले, आणि तेवढ्यानेही समाधान न झाल्यामुळे चहाचा कप पुढे करता करता ‘म्हणजे आपण नक्की कोणते?’ असे विचारले. मी खरे सांगितले. दोन दिवसांनी निरोप आला की त्यांचा भाचा पुण्याहून राहायला येणार आहे. त्या खोलीला पुढे चार महिने कुलूप होते.

कारागिरांना मी म्हणालो, ‘वडिलांनी. परळला बसायचे.’ त्यांनी माझ्याकडे पाहिले, मान हलवली आणि पोटाकडचा तुकडा खाली ठेवून दिला. ‘मग काका, आता तुम्हीच सांगा, टाचेकडनं सुरू करू की जाळीकडनं?’ साहेबाचा काका झाला तो एवढ्या एका वाक्यात. नातवाला यातले किती कळले ते मला तेव्हा कळले नाही.

रिक्षातून परतताना त्याने त्याविषयी विचारले. मुले थेट विचारतात, आणि याला तर आधीचा संदर्भ होता. दोन वर्षांपूर्वी मी बर्मिंगहॅमला सहा महिने होतो, तेव्हा आम्ही दोघे रिकवुड फील्ड पाहायला गेलो होतो. 1910 साली उघडलेले हे मैदान अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलचे सर्वांत जुने मैदान मानले जाते. तेथे गोऱ्यांचा बॅरन्स आणि कृष्णवर्णीयांचा ब्लॅक बॅरन्स असे दोन संघ निरनिराळ्या दिवशी खेळत. विली मेज नावाचा पुढे जगप्रसिद्ध झालेला खेळाडू शाळकरी वयात, 1948 साली, ब्लॅक बॅरन्सकडून याच मैदानावर खेळला. गोऱ्यांच्या सामन्याला कृष्णवर्णीय प्रेक्षक आले तर त्यांना उजव्या टोकाच्या एका वेगळ्या, उघड्या भागात बसावे लागे. त्या टोकाला उभे राहून नातवाने मला विचारले होते, ‘आजोबा, आपण तेव्हा आलो असतो तर आपल्याला कुठं बसवलं असतं?’ मी तेव्हा सावलीची जागा शोधण्याचे निमित्त करून विषय बदलला.

बर्मिंगहॅमच्या त्या काळच्या शहर-कायद्यात पत्ते, फासे आणि चेकर्सच्या सोंगट्यांपासून बेसबॉलपर्यंत कोणताही खेळ गोऱ्या आणि कृष्णवर्णीय माणसांनी एकत्र खेळणे हा गुन्हा होता. 1954 च्या सुरुवातीला नगर आयोगाने बेसबॉलसारख्या खेळांपुरती ही बंदी उठवली, तर त्याच वर्षी जूनमध्ये मतदारांनी कौल देऊन ती पुन्हा लादली. हुकूमशहाने लादलेली बंदी समजू शकते. मतपेटीतून मागून घेतलेल्या बंदीची गोष्ट निराळी. पुढे न्यायालयाने सार्वजनिक उद्याने सर्वांना खुली करण्याचा आदेश दिला, तेव्हा 1962 च्या आरंभी शहराच्या कारभाऱ्यांनी साठहून अधिक उद्याने सरळ बंद करून टाकली. नातवाच्या हातातला ग्लोव्ह 1961 चा आहे. म्हणजे त्या मुलाने गवत कापून तो घेतला आणि काही महिन्यांतच खेळायला मैदान उरले नाही. प्रशिक्षकांनी नातवाला सांगितल्यानुसार दोघे भाऊ चर्चमागच्या मोकळ्या जागेत खेळत, आणि चेंडू कुंपणापलीकडे गेला की तो परत आणायचा की नाही हे पलीकडे घर कोणाचे आहे त्यावर ठरत असे.

मुलांच्या संघांनाही यातून सूट नव्हती. साउथ कॅरोलायनातील चार्ल्स्टन येथे 1955 साली कॅनन स्ट्रीट वायएमसीएच्या कृष्णवर्णीय मुलांच्या संघाने लिटल लीग स्पर्धेत नाव नोंदवले, तेव्हा राज्यातील गोऱ्या मुलांच्या सर्व संघांनी त्यांच्याशी खेळण्याऐवजी माघार घेतली. स्पर्धेत विरोधकच उरला नाही. सामना न खेळता पुढे आले म्हणून नियमावर बोट ठेवून या संघाला अंतिम स्पर्धेतही खेळू दिले नाही. पाहुणे म्हणून अंतिम स्पर्धेच्या गावी, विल्यम्सपोर्टला, नेले आणि प्रेक्षकांत बसवले. मैदानावर त्यांची ओळख करून दिली, तेव्हा लोक ‘त्यांना खेळू द्या’ असे ओरडले. ती मुले अकरा-बारा वर्षांची होती. हे सगळे नातवाला त्याच्या प्रशिक्षकांनी सांगितलेले आहे. त्याला आपल्याकडचे मात्र कोणी सांगितले नव्हते, आणि ते काम माझे होते.

म्हणून रिक्षात मी त्याला बाळू पळवणकरांविषयी सांगितले. माझ्या वडिलांना हा माणूस मुखोद्गत होता. ते इतर कोणत्याही खेळाडूविषयी इतके बोलत नसत. चर्मकार कुटुंबात जन्मलेले बाळू पुण्यात गोऱ्या साहेबांच्या क्लबात मैदानावर काम करीत आणि त्यांना सरावासाठी गोलंदाजी करीत. त्यांची डावखुरी फिरकी इतकी अवघड होती की त्या काळी धर्मावरून बनणाऱ्या संघांपैकी हिंदूंच्या संघाला त्यांना वगळणे परवडेना. मैदानावर चेंडू सगळ्यांच्या हातात फिरे, पण चहाच्या वेळी बाळूंना मंडपाबाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे आणि जेवणही वेगळे असे. 1911 साली भारतीय संघ इंग्लंडला गेला, तेव्हा त्यांनी त्या दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले. एवढे होऊनही त्यांना हिंदू संघाचे कर्णधारपद मिळाले नाही. ते 1923 मध्ये त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले. बाळू 1955 साली वारले, चार्ल्स्टनच्या मुलांना प्रेक्षकांत बसवले त्याच वर्षी. माझे वडील म्हणत, ‘कातड्याचा चेंडू चालला त्यांना. शिवणारा तेवढा बाहेर.’ आणि पुढे हसत. ते हसणे मला कधी आवडले नाही, कारण त्यात राग कुठे आहे ते सापडत नसे.

नातू बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारले, ‘म्हणजे आपण बाळूंच्या बाजूचे?’ मी हो म्हटले. ‘मग आईला हे माहीत आहे का?’ तिला जातीचे नाव माहीत आहे. प्रमाणपत्रावर ते लिहिलेलेच होते. आजोबांची पेटी माळ्यावर का गेली हे तिला माहीत नव्हते. त्या रात्री बर्मिंगहॅमला सकाळ झाल्यावर मी फोन करून ते सांगितले. ती एवढेच म्हणाली, ‘बाबा, मला तो आवाज आठवतो. मी झोपायच्या वेळी यायचा. मला वाटायचं ते स्वतःहून थांबले.’

आता कामाच्या दर्जाविषयी, कारण तेच सांगण्यासाठी हे लिहायला घेतले. गुरुवारी देतो म्हणालेला ग्लोव्ह शनिवारी मिळाला. उशिराचे कारण त्यांनी न विचारता दाखवले: टाचेच्या आतली लोकरी गादी कुजली होती, ती काढून त्यांनी जुन्या नमद्याची नवी गादी बसवली आणि ती शिवण बाहेरून दिसू दिली नाही. हे काम ठरलेल्या कामात नव्हते. वादी सर्व छिद्रांतून मूळ क्रमानेच गेली आहे. जेथे दोन टोके मिळतात तेथे गाठ न मारता टोके तासून एकमेकांत ओवली आहेत, त्यामुळे तळव्याला काही टोचत नाही. बुरशी त्यांनी कोरड्या फडक्याने आणि थोड्या स्पिरिटने काढली. मी घरी खोबरेल लावण्याच्या बेतात होतो, तेव्हा त्यांनी मला अक्षरशः दटावले. तेलाने कातडे आधी मऊ पडते आणि मग खवट होऊन कुजते, मेणाचा हात पुरे, असे त्यांचे म्हणणे, आणि ते बरोबर आहे. सर्वांत मोठी गोष्ट मनगटाच्या पट्टीची. पट्टीची कड फाटलेली होती आणि ती बदलून टाकणे सोपे होते. त्यांनी ती बदलली नाही. मागून पातळ कातड्याचे अस्तर चिकटवून कडेने बारीक टाका घातला, आणि शाईची दोन अक्षरे जशीच्या तशी राहिली. ती राखायला त्यांना कोणीही सांगितलेले नव्हते.

दोषही आहेत. नव्या वाद्यांचा रंग जुन्या चामड्यापेक्षा बराच गडद आहे. अंगठ्याजवळची वादी किंचित जाड राहिल्यामुळे ग्लोव्ह पूर्ण मिटायला पंधरा दिवस लागले. ती मी असतो तर आणखी तासली असती, आणि हे मी त्यांना सांगितल्यावर त्यांनी ‘पुढच्या खेपेला तुम्ही बसा’ असे म्हणून रापी माझ्यापुढे धरली. पावती मिळत नाही. जोराचा पाऊस आला की बोळातले पाणी पायरीवर चढते आणि आलेले काम ते वरच्या फळीवर टाकतात, त्यामुळे आपली वस्तू कोणत्या पिशवीत आहे हे शोधण्यात वेळ जातो. दिलेली तारीख दोन दिवसांनी पुढे जाईल असे धरूनच चालावे.

पैसे एकूण साडेआठशे रुपये झाले. ‘काका, तुमच्याकडनं काय घ्यायचं’ असे म्हणत ते पाचशेवर आले होते. मी पूर्ण साडेआठशे दिले, आणि ते का दिले हे त्यांना सांगावे लागले नाही. बेसबॉलचा ग्लोव्ह सहसा कोणी नेणार नाही, परंतु क्रिकेटचे पॅड, यष्टिरक्षकाचे ग्लव्हज किंवा चांगल्या चामड्याची जुनी बॅग असेल तर ठाण्यात मला याहून भरवशाचा हात माहीत नाही. रेक्झिनच्या वस्तू नेऊ नयेत. ते घेतात, पण मन लावून करीत नाहीत.

वडिलांची पेटी मी माळ्यावरून उतरवली आहे. आरीची मूठ वाळवीने खाल्ली होती, रापी मात्र घासल्यावर चकचकीत झाली. मूठ बसवायला ती याच दुकानात दिली आहे. मंगळवारची कबुली आहे, म्हणजे गुरुवारी मिळेल. दुकान साधारण अकरा वाजता उघडते, दुपारी दोन ते चार बंद असते आणि सोमवारी पूर्ण बंद. स्टेशनकडून चालतच जावे, कारण बोळात स्कूटरसुद्धा उभी राहत नाही.